उघड्या टपाची जुनी मोटार

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्या गृहस्थाने आयुष्यात एकदा तरी जुनी विलायती मोटार घेतलेली असावी, अशी माझी पक्की समजूत आहे. ऑडी कंपनीची ए-३ कॅब्रिओले, म्हणजे टप मागे दुमडणारी गाडी, २०१४ च्या डिसेंबरात आपल्या देशात आली तेव्हा तिची किंमत ४५ लाखांच्या घरात होती. आज तीच गाडी, आणि तिच्याहूनही बड्या घरच्या तिच्या बहिणी, एखाद्या नव्या मध्यम मोटारीच्या दरात हाताला लागतात. पण किंमत उतरली म्हणून खर्च उतरत नाही. गाडी जुनी झाली तरी तिचा सुटा भाग नव्याच्याच भावाने मिळतो, आणि तो ४५ लाखांच्या गाडीचा असतो. खरेदीचा निर्णय करताना नेमकी एवढीच गोष्ट लोक विसरतात.

माझ्याजवळ शिकून गेलेल्या, आणि आता चार पैसे गाठीला बांधलेल्या मंडळींत या गाड्यांचा मोह अलीकडे बराच दिसतो. शनिवार-रविवारी मौजेखातर काढायची दुसरी गाडी. घेऊ की नको, आणि घेतली तर कोणती? गाणे शिकवणाऱ्याने या प्रकरणात तोंड का घालावे असे कोणी म्हणेल. माझे उत्तर असे की उघडी मोटार ही डोळ्यांपेक्षा कानांनी उपभोगायची वस्तू आहे, आणि कानांविषयी बोलण्याचा थोडाफार अधिकार माझ्या धंद्याने मला दिलेला आहे.

इंदूरला ही हौस नवी नाही. यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीची एक उघडी दोन आसनी गाडी घेतली. तिचा सांगाडा लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी चढवला होता, आणि तिचा नारिंगी-काळा रंग मोटारींच्या इतिहासात आजही सांगितला जातो. दरबारच्या आश्रयाने वाढलेल्या आमच्यासारख्या घरांत या गाड्यांच्या गोष्टी रागरागिण्यांच्या बरोबरीने सांगितल्या जात. पण त्या गोष्टींत एक तपशील नेहमी गळतो. राजवाड्याला गाडी जशी घेता येत होती तसा मिस्त्रीही पगारावर ठेवता येत होता. आपल्याला गाडी घेता येते. मिस्त्रीचा प्रश्न नंतर उभा राहतो.

आता आधी हवेचा हिशेब करू. माळव्यात मार्चपासून जूनपर्यंत दिवसा टप उघडणे म्हणजे टाळू भाजून घेणे. पुढे पावसाळा. म्हणजे उरतात त्या हिवाळ्यातल्या सकाळी, आणि उन्हाळ्यातल्या रात्री. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र असे जुने लोक म्हणत, ते खोटे नाही. वैशाखातही रात्री दहानंतर येथे जो वारा सुटतो त्यासाठी टप उघडणारी गाडी घ्यावी असे मलाही वाटते. परंतु वर्षाचा बहुतेक काळ ही गाडी टप मिटूनच चालायची आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. मिटल्यावर जी गाडी चांगली नाही, ती उघडल्यावर कितीही सुंदर दिसली तरी कामाची नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. टप उघडून ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गेले की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, कानात नुसता वारा भरतो. ५०-६० च्या लयीत मात्र सारे ऐकू येते: शेतातला पंप, गावाबाहेरचे कुत्रे, दूरच्या मंदिरातली आरती, स्वतःच्या इंजिनाचा घुमारा. ही विलंबित लयीची गाडी आहे. मग अश्वशक्तीच्या आकड्यांवर एवढे भांडण कशाला? बाजारात आज ज्या दोन गाड्यांची तुलना सर्वांत अधिक चालते, त्या मर्सिडीजची एसएलके ३५० आणि बीएमडब्ल्यूची झेड-४ (३५आय), दोघींची ताकद अश्वशक्तीच्या हिशेबाने सारखीच, ३०६. जाम घाटाच्या वळणावर यांतल्या दीडशेसुद्धा पुरे होतात.

या दोन्ही गाड्यांचे टप धातूचे आहे. ही कल्पना जुनी, पण तिचा बोलबाला केला तो मर्सिडीजनेच, १९९६ साली पहिली एसएलके काढून. बटण दाबावे आणि वीसेक सेकंदांत छप्पर तुकड्यातुकड्यांनी दुमडून डिकीत जावे, हा देखावा पाहून कोणाचेही मन विरघळेल. मिटलेल्या स्थितीत गाडी बंद मोटारीसारखी शांत राहते, चोराला ब्लेड चालवता येत नाही, उन्हाने कापड विटत नाही. एसएलकेत तर मानेवर ऊब फुंकणारी सोयही आहे; पौषात पहाटे पोह्यांच्या शोधात निघालेल्या इंदूरकराला आणखी काय हवे?

हवे ते असे की छप्पर दहाव्या वर्षीही उघडावे. या छपराला बिजागऱ्या, तेलाच्या दाबावर चालणारे सिलिंडर, पंप, कुलपे आणि प्रत्येक सांध्यावर पहारा करणारे सेन्सर असतात. डिकीतला आडवा पडदा जागेवर नाही असे एखाद्या सेन्सरला वाटले की सारा कारभार ठप्प. छप्पर अर्ध्यावर थांबले तर ते ढकलून मिटवणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे, आणि त्याची नाडी जाणणारा माणूस बहुधा दुसऱ्या शहरात असतो. शिवाय छप्पर डिकीत बसले की सामानाला जागा कोठून उरणार? एसएलकेची डिकी ३३५ लिटरवरून २२५ वर येते, झेड-४ ची ३१० वरून १८० वर. एक पेटी आणि तबल्याची जोडी ठेवायची म्हटली तर आधी छपराची परवानगी काढावी लागेल.

झेड-४ ३५आयबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे. तिच्या पहिल्या वर्षांतले दोन टर्बोंचे सहा सिलिंडरी इंजिन वाजते सुरेख, पण त्याचा जास्त दाबाचा पेट्रोलपंप जगभर बदनाम झाला. तिचे टायर हवा गेल्यावरही काही अंतर चालतील अशा जातीचे, आणि जादा चाक नाही. कठीण कडांच्या त्या टायरांवर आपले रस्ते पाठीच्या मणक्याला चांगलेच जाणवतात, आणि टायर फाटला तर तो मांडूच्या वाटेवरच्या पंक्चरवाल्याकडे मिळत नाही.

माझा कौल कापडी हुडाला आहे. हूड हलके, यंत्रणा तुलनेने साधी, टांग्यापासून आपल्या परिचयाची. दोषही आहेत, ते लपवत नाही. ऊन कापड खाते. मांडूला वानरे हुडावर बसतात आणि मांजरांना ते नखे घासायला फार आवडते. सर्वांत मोठा शत्रू मात्र कडुलिंबाचा पाला. हुडाच्या कडेला पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या तुंबल्या की पाणी आत शिरते. २००२ ते २००८ या काळातल्या कापडी टपाच्या झेड-४ मध्ये हूड चालवणारा पंपच त्या पन्हळीच्या तळाशी बसवला होता, त्यामुळे पाला साचला की पंप बुडून मेला, असे असंख्य मालकांचे झाले. जुन्या पोर्श बॉक्सस्टरमध्ये हेच पाणी आसनाखालच्या विजेच्या पेटीत जाई. तथापि हा रोग वेळीच साफसफाई करून टळणारा आहे. धातूच्या छपराचा रोग असा टळत नाही.

बॉक्सस्टरचे नाव निघालेच. कानाने निवड करायची तर हीच. २०१२ ते २०१६ ची बॉक्सस्टर: आसनांच्या लगेच मागे बसवलेले सहा आडव्या सिलिंडरांचे, टर्बो नसलेले इंजिन, कापडी हूड नऊ सेकंदांत उघडते, ताशी ५० पर्यंत चालत्या गाडीतही. पुढे १५० आणि मागे १३० लिटरच्या दोन डिक्या, आणि हूड त्यांतल्या एकीलाही हात लावत नाही. त्या इंजिनाचा आवाज खर्जातून वर चढत जातो तेव्हा मध्ये कोठे खडा लागत नाही. २०१६ नंतर कंपनीने त्याच गाडीत चार सिलिंडरांचे टर्बो इंजिन घातले. ताकद वाढली, सूर गेला. ज्यांना स्वस्तातली बॉक्सस्टर दिसेल त्यांनी २००८ पर्यंतच्या इंजिनांपासून मात्र दूर राहावे. त्यांतल्या एका मधल्या दांड्याचे बेअरिंग फुटते आणि एका क्षणात सारे इंजिन भंगारात जमा होते. सगळ्यांचे फुटते असे नाही, पण आपले कोणत्या वर्गातले हे आधी कळत नाही.

एवढे गुण गाऊनही मी बॉक्सस्टर घ्या असे म्हणणार नाही. कारण वरच्या तिन्ही गाड्यांत आसने दोन. रविवार हा आपल्याकडे एकट्याचा नसतो. महेश्वरला निघताना घरात आई असते, दोन मुले असतात, कधी आलेली मावशी असते. त्यांतून एकालाच बरोबर घेऊन फाटकाबाहेर पडणारी गाडी दर आठवड्याला घरात एक लहानशी वाटणी करते. पहिल्या महिन्यात सर्व हसून निरोप देतात. मग मालकालाच संकोच वाटू लागतो, गाडी आच्छादनाखाली जाते, आणि वर्षभराने जाहिरातीत दिसते: ‘फारच कमी वापरलेली.’ अशा जाहिराती मी वाचतो तेव्हा मला त्यांत इंजिनाचा दोष कमी आणि आसनांचा हिशेब अधिक दिसतो.

म्हणून माझ्या मते निवड करावी ती ज्या गाडीला दर्दी लोक नाके मुरडतात तिची, म्हणजे ऑडी ए-३ कॅब्रिओलेची. आसने चार. मागची दोन ऐसपैस नाहीत, पण मुले खुशाल बसतात आणि थोरांचीही तासाभराची वाट सुखाने जाते. हूड कापडी, अठरा सेकंदांत उघडणारे. आणि मुख्य म्हणजे तिचे १.८ लिटरचे १८० अश्वशक्तीचे इंजिन हे २०१३ पासून येथे विकल्या गेलेल्या स्कोडा ऑक्टाव्हियाच्या इंजिनाचे सख्खे भावंड. त्याचा रोग ओळखणारा मिस्त्री इंदुरात सापडतो, सुटे भाग सापडतात. २०१७ नंतरच्या गाडीत १.४ लिटरचे, १५० अश्वशक्तीचे इंजिन आहे, तेही चालेल. आवाजाच्या बाबतीत ही गाडी बॉक्सस्टरसमोर बसू शकत नाही, हे मान्य. बड्या गवयाऐवजी घरचा, तालाला पक्का साथीदार घ्यावा तसा हा सौदा आहे.

तिलाही एक खोड आहे. सात वेगांचा, कोरड्या दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स गर्दीत तापतो, आणि त्याचा नियंत्रण करणारा भाग बिघडला तर खर्च मोठा येतो. म्हणून गाडी मोकळ्या रस्त्यावर चालवून पाहू नका. ऐन संध्याकाळी राजवाड्याच्या गर्दीत अर्धा तास न्या, चढावर थांबवा, पुन्हा हलकेच सोडा. धक्के देत असेल, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना खाकरत असेल, तर विक्रेत्याला नमस्कार करून परत या.

‘कमी पळालेली’ या शब्दांना भुलू नये. वर्षानुवर्षे गवसणीत घालून खुंटीला टांगलेला तानपुरा काढला की लगेच सुरात लागत नाही. उभ्या गाडीची बॅटरी मरते, रबर आटते, टायरांना एका बाजूने चपटेपणा येतो. टायरच्या भिंतीवर चार आकडी खूण असते: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. खाचा नव्यासारख्या दिसल्या तरी खूण जुनी असेल तर चारही टायरांची किंमत सौद्यातून वजा करावी. त्यातच आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते, आणि त्या प्रमाणासाठी न बनवलेल्या जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना सोसत नाही. महिन्यातून एकदा चालणाऱ्या गाडीला याचा त्रास अधिक.

कागदपत्रांकडेही पाहिले पाहिजे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. २०१२ ची गाडी आज घेणाऱ्याने २०२७ चा खर्च आजच धरावा. दिल्ली-मुंबईकडची गाडी स्वस्त दिसते, पण तिकडचे ना-हरकत पत्र आणि इकडचा रस्ता-कर मिळवले की ती स्वस्ताई बरीचशी विरघळते. आणि किमतीचा निदान पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर आपल्याला ती किंमत परवडत नाही असेच समजावे.

पाहायला जायचे ते आषाढ-श्रावणात जावे. विक्रेता गाडी पुसून, वासाचे पाणी शिंपडून ठेवतो; आपण पायाखालची सतरंजी उचलून तळहात दाबून पाहावा, डिकीतला जाड कपडा वर करून खळग्यात ओल आहे का पाहावे. हूड पाच वेळा उघडावे आणि पाच वेळा मिटावे, दर वेळी इंजिन चालू ठेवून; पहिल्या वेळेपेक्षा पाचव्या वेळी हालचाल मंदावली तर पंप थकला आहे. मग मिटलेल्या हुडावर एक बादली पाणी सावकाश ओतावे आणि पाणी दोन्ही चाकांमागून खाली पडते का ते वाकून पाहावे. विक्रेता बादली आणू देत नसेल, तर दुसरी गाडी पाहावी.