पारडीच्या तोंडचे दूध



ऊस विकास विभागाच्या पानावर पारडी-कालवडींचा विषय पाहून काही मंडळी म्हणतील, "साहेब, आता म्हशीतबी शिरले का?" शिरलो खरे. वाढे आपल्या उसाचे, ते खाणारे जनावर आपल्या दावणीचे. उसाचे बिल हप्त्याने येते, दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येते, आणि घरचा किराणा पुष्कळदा त्या दुसऱ्या बिलावरच चालतो. तेव्हा गोठ्यातली चूक उसाच्या फडापर्यंत पोहोचल्याशिवाय राहत नाही.

आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच : वासराची पहिल्या काही महिन्यांतली उपासमार पुढे कितीही चारले तरी पुरती भरून निघत नाही. ती जनावराच्या हाडापेरात कायमची बसते.

उसाचाच दाखला घ्या

सुरू उसाला नत्राचा चाळीस टक्के हप्ता लागणीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी द्या, असे आम्ही कानीकपाळी ओरडत असतो. का? तेव्हा फुटवे येत असतात. त्या वेळी पीक उपाशी राहिले तर गाळपालायक उसांची संख्याच घटते. पुढे मोठ्या बांधणीला दुप्पट युरिया ओतला तरी पाने हिरवीगार होतील, पण जे फुटवे आलेच नाहीत ते कुठून आणणार? बैल गेला आणि झोपा केला, तशातली गत. जनावराचेही असेच आहे. वाढीचा प्रत्येक काळ ठरलेला असतो आणि त्या काळाचा घास त्याच काळात पोटात जावा लागतो.

शास्त्र काय म्हणते?

या गोष्टीचा शोध शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. अमेरिकेतील मिझुरी येथे वॉटर्स नावाच्या शास्त्रज्ञाने वाढत्या गोऱ्ह्यांना जेमतेम वजन टिकेल एवढेच खाद्य दिले. १९०८ साली त्याने निष्कर्ष मांडले. वजन वाढत नव्हते, तरी गोऱ्हे उंचीने वाढतच होते! शरीर आपली चरबी जाळून हाडे वाढवत होते. आपल्याकडे एखादी पारडी "उंचाडी झाली, पण भरत नाही" असे आपण म्हणतो, तिथे बहुधा हाच प्रकार असतो. उंची बघून फसू नये.

पुढे इंग्लंडात केंब्रिजला मॅककॅन्स आणि विडोसन या जोडीने उंदरांवर प्रयोग केले. काही माद्यांखाली तीनच पिल्ले ठेवली, काहींखाली पंधरा ते वीस. दाटीत वाढलेल्यांना दूध अपुरे पडले. दूध तुटल्यावर सर्वांना पोटभर खाद्य दिले, तरी दाटीतली पिल्ले मोठेपणी लहानच राहिली. उलट, वाढ बरीच झाल्यानंतर काही आठवडे उपाशी ठेवलेले उंदीर खाद्य मिळताच झपाट्याने भरून आले. उपास तोच, पण वेळ वेगळी, म्हणून परिणाम वेगळा. त्यांनी डुकराची पिल्लेही वर्षभर अर्धपोटी ठेवली. वर्षाची झाली तरी त्यांचे वजन पाच-सहा किलोच्या आसपासच होते. नंतर भरपूर खाऊ घातल्यावर ती वेगाने वाढली, पण चांगल्या पोसलेल्या भावंडांच्या बरोबरीला आली नाहीत.

ही सुरुवात जन्माआधीच होते. केंब्रिजलाच हॅमंड आणि वॉल्टन यांनी १९३८ साली थोराड शायर घोडे आणि ठेंगणे शेटलंड तट्टू यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला. रक्त निम्मे-निम्मेच, पण थोराड घोडीच्या पोटची शिंगरे तट्टाणीच्या पोटच्या शिंगरांपेक्षा जन्मतः तिपटीच्या आसपास वजनाची निघाली आणि मोठेपणीही तो फरक पुसला गेला नाही. म्हैस दहा महिने गाभण असते, आणि गर्भाची निम्म्याहून अधिक वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते. नेमक्या त्याच वेळी म्हैस आटलेली असते, म्हणून आपण तिची पेंड बंद करतो.

एक खुलासा केला पाहिजे. लहान जनावर म्हणजे उपाशी जनावर असे नव्हे. ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंतची कोकण कपिला गाय अंगाने लहान असते. ती त्या डोंगर-पावसाची जात आहे. तिच्यात खोट नाही. जातीचा लहानपणा वेगळा आणि भुकेचा खुजेपणा वेगळा. थोराड जातीची म्हैस गोठ्यात असून तिची पारडी खुरटली असेल, तर दोष रक्ताचा नाही, दावणीचा आहे.

दिव्याचा गोठा आणि आपला गोठा

आपल्या भागातली पुष्कळ पोरे आज दिवा, डोंबिवली, कळव्याच्या खोल्यांत राहतात. दिवा जंक्शनला एक फाटा वसईकडे जातो, एक पनवेलकडे. खाडीकाठच्या भातशेतीच्या त्या गावात आता इमारतींना इमारती लागल्या आहेत. एवढ्या लोकवस्तीला सकाळी चहाला दूध लागतेच. मध्यंतरी त्या बाजूला जाणे झाले, तेव्हा एक गोठा पाहिला. म्हशी ताज्या व्यालेल्या, परप्रांतातून आणलेल्या, कासेने भरदार. वासरे मात्र दोन-तीनच, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. पान्हा सोडण्यापुरती त्यांना कासेला लावायची आणि ओढून बाजूला बांधायची. चौकशी केली तेव्हा मालक मोकळेपणाने म्हणाला, "ते जगलं तर जगलं, साहेब."

ऐकायला कठोर वाटते, पण त्याचा हिशेब त्याच्यापुरता बरोबर आहे. त्याने म्हैस एका वेताच्या दुधासाठी घेतली. जागा महाग, चारा विकतचा. पारडी तीन-साडेतीन वर्षे पोसणे त्याला परवडत नाही. तिथे वासराची किंमत पान्ह्यापुरती. हे पटो न पटो, शहरी तबेल्याचा धंदा बराचसा असाच चालत आला आहे.

आमचे म्हणणे आहे ते आपल्याबद्दल. आपण तबेलेवाले नाही. जनावर पिढ्यान्‌पिढ्या पाळायचे म्हणून आपण पाळतो. घरची पारडी हीच आपली उद्याची म्हैस. असे असूनही डेअरीची किटली भरावी म्हणून आपण तबेल्याचाच हिशेब उचलला आहे. चीक निघाला की पहिला मान खरवसाला. वासराला एक सड, तोही पिळून झाल्यावर. महिन्याभरात त्याच्यापुढे उसाचे वाढे. मग चार वर्षे झाली तरी माजावर येत नाही म्हणून डॉक्टरला बोलवायचे, गंडेदोरे करायचे, आणि शेवटी ठरवून टाकायचे, "हिचं रगातच खराब."

हिशेब मांडून बघा

पारडी जन्मतः साधारण तीस किलोची असते. तिला वजनाच्या एक दशांश, म्हणजे रोज तीन लिटर दूध पहिला महिना, दुसऱ्या महिन्यात अडीच, तिसऱ्यात दोन असे धरले, तर तीन महिन्यांत सव्वादोनशे लिटर होते. आकडा मोठा वाटतो खरा. आता दुसरी बाजू. पारडी किंवा कालवड माजावर येते ती वयापेक्षा वजनाने. संकरित कालवड अडीचशे किलोच्या आसपास भरली पाहिजे, मुऱ्हा पारडी तीनशेच्या पुढे. खुरटलेले जनावर तिथवर पोहोचायला वर्षभर जास्त घेत असेल, तर ते वर्षभर फुकट खाते. शिवाय दिवसाला सहा लिटर देणारी म्हैस नऊ महिन्यांत सोळाशे लिटरच्या वर दूध देते, तेही वर्षाने लांबते. हिशेब ढोबळ आहे. प्रत्येकाने आपल्या दराने मांडावा. पण सव्वादोनशेच्या लोभात काय घालवतो हे एकदा कागदावर दिसू द्या.

करायचे काय?

व्याल्यावर तासाभरात वासराच्या पोटात चीक गेलाच पाहिजे. त्याचे पोट भरून उरेल त्याचाच खरवस करा. पहिले जंताचे औषध दहाव्या दिवसाच्या सुमारास, डॉक्टरांना विचारून द्या. पारड्यांना आईच्या दुधातूनच जंत होतात, आणि मग पाजलेले दूध जंतच खातात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वासरांचा खुराक आणि कोवळा चारा थोडा थोडा तोंडी लावा. पाणी कायम समोर असावे.

वाढ्यांबद्दल आमच्या विभागाने स्पष्ट बोलले पाहिजे, कारण हंगामात ऊसतोड मजुरांकडून भारेच्या भारे विकत घेतले जातात. वाढ्यात प्रथिने कमी, आणि त्यातले ऑक्झालेट शरीरातले कॅल्शियम अडकवून ठेवते. थोराड जनावराचे कसेबसे निभते. ज्याची हाडे अजून घडायची आहेत त्याला नुसत्या वाढ्यांवर चार-पाच महिने ठेवणे म्हणजे उपाशीच ठेवणे, मग पोट टम्म का दिसेना. वाढे कुट्टी करून, चुन्याची निवळी शिंपडून द्यावे, सोबत क्षार मिश्रण आणि लसूणघास असावा. दोन गुंठे घास पेरायला उसाचे क्षेत्र मोडावे लागत नाही.

आणि वजन मोजा. दोरीने छातीचा घेर आणि खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचात घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे अंदाजे किलो. दर महिन्याला गोठ्याच्या भिंतीवर खडूने आकडा लिहा. काट्याचे महत्त्व आम्ही सभासदांना काय सांगावे!

शेवटचा मुद्दा, जनावरापलीकडचा

पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून आसपासच्या सहा खेड्यांतील गरोदर माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होते. अंगी मांस कमी, त्या मानाने चरबी जास्त, आणि पुढे मधुमेहाचा धोका. पुण्यातच पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांवरचे काम २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्या उंदरांना पुढे दोन पिढ्या पोटभर खाद्य दिले, तरी शरीरातले बिघाड दुरुस्त झाले नाहीत.

आपल्या फडात दर हंगामी कोप्या पडतात. त्यांत गरोदर बाया असतात, अंगावर पिणारी लेकरे असतात. पहाटे थंडीत मोळ्या वाहणाऱ्या बाईच्या पोटात किती घास जातो, याचा हिशेब आपल्या कुठल्याच रजिस्टरात नाही. पारडीबद्दल जे खरे, ते त्या लेकराबद्दल अधिक खरे आहे.

म्हणून संचालक मंडळापुढे आमच्या दोन सूचना आहेत. एकरी विक्रमी उसाला जसे वार्षिक सभेत बक्षीस देतो, तसे उत्तम वाढवलेल्या घरच्या पारडीला आणि कालवडीलाही द्यावे. आणि येत्या हंगामात कोप्यांवरच्या गरोदर बायांना व सहा वर्षांखालील मुलांना रोज दूध आणि एक वेळचे सकस जेवण मिळेल अशी सोय कारखान्याने अंगणवाडीच्या मदतीने करावी. खर्च टनामागे काढला तर किरकोळ निघेल, असे आमचे मत आहे. सभासदांनी या दोन्हींवर आपापल्या गटाच्या बैठकीत बोलावे आणि होकार असो वा नकार, विभागाकडे लेखी कळवावा.

— ऊस विकास अधिकारी