चेहरा तिचा, मुखत्यारी कोणाची?
(नांदेडकर नागरिकांस जाहीर पत्रक)

ज्या नांदेड नगरीत गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली देह ठेवला व ग्रंथसाहिबास गुरुपद दिले, आणि ज्या ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवरायांची एकसष्ट पदे आदराने समाविष्ट आहेत, त्या नगरीत त्याच गुरूंची आज्ञा शिरसावंद्य मानून केश राखणाऱ्या एखाद्या शीख भगिनीच्या ओठावरची व हनुवटीवरची लव दृष्टीस पडताच बसस्थानकावर कुजबुज व्हावी, महाविद्यालयाच्या आवारात मोबाइल हळूच तिच्या दिशेने वळावेत, आणि लग्नमंडपात कोणी वयस्क बाईंनी तिला बाजूस घेऊन ‘अगं, एवढं काढून का टाकत नाहीस?’ असे विचारावे, ही गोष्ट आम्हांस लाजिरवाणी वाटते. आणि तसे स्पष्ट शब्दांत सांगण्यासाठीच हे पत्रक काढले आहे.

१६९९ च्या वैशाखीस आनंदपूर येथे खालसा पंथाची स्थापना झाली, तेव्हापासून केश, कंगवा, कडे, कच्छ व किरपाण ही पाच चिन्हे पंथाची ओळख ठरली. अमृत घेतलेल्या व्यक्तीने शरीरावरील कोणताही केस कापू वा उपटू नये, या नियमात स्त्री-पुरुष असा भेद नाही. केश राखणे म्हणजे शरीराची हेळसांड करणे, असा जो समज आपल्याकडे रूढ आहे तो सर्वथा चुकीचा आहे; सकाळ-संध्याकाळ लाकडी कंगव्याने केस विंचरणे, जुडा बांधणे आणि तोच कंगवा त्या जुड्यात खोवणे, ही नित्याची व कष्टाची शिस्त आहे. या शिस्तीपायी १७४५ साली लाहोरास भाई तारूसिंगांनी केस देण्यापेक्षा मस्तकाची कातडी सोलून देणे पत्करले, ही स्मृती शीख घराघरांत आजही जागती आहे. अशा वारशातून आलेल्या निश्चयाला ‘आळस’ किंवा ‘अडाणीपणा’ म्हणणाऱ्याने आपल्या सौंदर्यकल्पनेचा वारसा एकदा तपासून पाहावा.

तो वारसा कोठे भेटतो? कोणत्याही पेठेतल्या ब्यूटी पार्लरमध्ये. मुलगी भुवया कोरून घेण्यास खुर्चीत बसते, दोऱ्याचे एक टोक दातांत व दुसरे बोटांत धरलेली बाई तिच्यावर वाकते, आणि भुवया आटोपताच विचारते, ‘ताई, अप्पर लिपपण करायचं ना?’ हा प्रश्न नसून ठरलेली वहिवाट आहे. मुलगी मान डोलावते, डोळ्यांत पाणी येते, आणि तीनएक आठवड्यांनी ती पुन्हा त्याच खुर्चीत येते. जिला हे हौसेने करावयाचे आहे तिने खुशाल करावे, आमची हरकत नाही. परंतु ज्या क्रियेला नकार देणाऱ्या स्त्रीस नोकरीच्या मुलाखतीत, वधूपरीक्षेत व फोटो स्टुडिओत त्या नकाराचा दंड भरावा लागतो, तिला निवड म्हणणे हा शुद्ध अप्रामाणिकपणा आहे. मोटार वाहन कायद्याने पगडीधारी शिखास शिरस्त्राणाची सूट दिली आहे; पण या भगिनीची वाट अडवणारी वस्तू कायदा नसून तुमची-आमची नजर असल्यामुळे, तिला सूट देणेही तुमच्या-आमच्याच हाती आहे.

आणि महाराष्ट्राला तर या बाबतीत उपदेश करण्याचा काडीमात्र अधिकार नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत आपल्याच वरिष्ठ म्हणविणाऱ्या जातींत, वैधव्य आलेल्या अजाण पोरीला न्हाव्यापुढे बसवून तिचे केस उतरविले जात, आणि ती रडत असता घरची माणसे धर्माचा हवाला देत. त्या अन्यायाविरुद्ध नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिक बांधवांनी विधवांच्या मस्तकावर वस्तरा न चालविण्याचा निर्धार केला, हा आपल्या सामाजिक इतिहासातील अत्यंत तेजस्वी प्रसंग होय. त्या वेळी केस जबरदस्तीने काढले ते धर्माच्या नावाने. आज काढण्याचा लकडा लागतो तो सौंदर्याच्या नावाने. स्त्रीच्या केसांवर तिच्याखेरीज इतर सर्वांची मुखत्यारी, हे सूत्र मात्र दोन्हीकडे एकच आहे.

यावर कोणी म्हणेल की, पंथसुद्धा जबरदस्ती करू शकतो. हा आक्षेप रास्त आहे. भुवया कोरलेल्या एका विद्यार्थिनीला शीख संस्थेच्या वैद्यकीय महाविद्यालयाने प्रवेश नाकारला, तेव्हा २००९ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने केश हे शीख धर्माचे अत्यावश्यक अंग असल्याचे मान्य करून संस्थेची बाजू उचलून धरली. धर्माचे लक्षण कोणते, हा भाग आम्ही त्या पंथावर व न्यायपीठावर सोपवितो. पण एका मुलीचे शिक्षण तिच्या भुवयांपाशी अडावे, हे आम्हांस मान्य नाही. केश राखणारीवर समाजाचा दाब नको म्हणणाऱ्याने, केश न राखणारीवरही कोणाचा दाब नको, असे त्याच दमात म्हटले पाहिजे.

‘डॉक्टरला दाखव’ हा सल्ला देणारे मनाने वाईट नसतात. चेहऱ्यावर दाट केस येण्यामागे कधी संप्रेरकांचा असमतोल असतो, आणि त्याची तपासणी करून घेणे हिताचे असते, हे खरे. परंतु तो तिचा व तिच्या वैद्याचा मामला आहे. रिक्षात शेजारी बसलेल्या अनोळखी इसमाने त्याची विचारपूस करू नये.

तेव्हा नांदेडकरांनो, आमची विनंती मोजकीच आहे. महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी अशा विद्यार्थिनीची चोरून छायाचित्रे काढणाऱ्यास ताबडतोब जाब विचारावा. दुकानदार, कचेऱ्या व संस्था यांनी नोकरी देताना कामाची पात्रता पाहावी, हनुवटी पाहू नये. फोटो स्टुडिओवाल्यांनी न विचारता चेहऱ्यावरची लव पुसून टाकू नये. आणि आपण सर्वांनी, उद्या बसमध्ये अशी एखादी भगिनी शेजारी येऊन बसली, तर जागा सरकवून द्यावी आणि तिच्याशी इतर कोणाशी बोलतो तसेच बोलावे.

आपले नम्र,
नांदेडमधील काही मराठी नागरिक