पुढची सायकल कशासाठी?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची बातमी आपल्याकडे लसीच्या निमित्ताने येते, नाहीतर तपासणी शिबिराच्या फोटोतून. दोन्ही हव्यातच. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासाने 2009 मध्ये दाखवून दिले, की एचपीव्ही या विषाणूची चाचणी एकदाच केली तरी या आजाराचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. पण ज्यांच्यापर्यंत यातले काहीच वेळेत पोचले नाही, लाईट (रेडिएशन) घेऊन झाली, केमो घेऊन झाली आणि तरी आजार उलटला, त्यांच्याबद्दल बोलायला कोणी उत्सुक नसते. त्यांना बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकायला मिळते: ‘दुसरे औषध सुरू करू.’

हे दुसरे औषध किती चालते? सिस्प्लॅटिन-गटातल्या औषधांनंतर आजार वाढलेल्या 608 स्त्रियांवरच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. टोपोटेकॅन, जेमसिटाबिन, पेमेट्रेक्सेड यांसारखी नेहमीची केमो मिळालेल्या गटात गाठ ठळकपणे आकसली ती 100 पैकी जेमतेम 6 जणींची, आणि निम्म्या जणी साडेआठ महिन्यांच्या आतच गेल्या. सेमिप्लिमॅब हे नवे औषध मिळालेल्यांत हाच आकडा 12 महिने होता. फरक खरा आहे. पण असल्या औषधांची किंमत इथल्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरची आहे. म्हणजे नवे परवडत नाही म्हणून जुने द्यायचे, आणि जुन्याचा आकडा मात्र सांगायचा नाही.

केमो का चालत नाही, यात गूढ काही नाही. लाईट दिलेल्या जागेतले रक्ताभिसरण मंदावलेले असते, तिथवर औषध नीट पोचत नाही. ओटीपोटाच्या हाडांतल्या मगजालाही लाईट लागलेली असल्याने रक्तातल्या पेशी पटकन घसरतात. गाठीने मूत्रवाहिनी दाबली की क्रिएटिनिन चढते, मग आधी पाठीतून मूत्रपिंडात नळी घालायची आणि मगच औषधाचे बघायचे. टोपोटेकॅनची नेहमीची पद्धत तर दर तीन आठवड्यांनी ओळीने पाच दिवस शिरेतून देण्याची. बार्शीच्या किंवा परळच्या कर्करोग रुग्णालयाजवळ आधी पाच दिवसांची उतरायची सोय बघा. सोबत आलेल्या मुलाचा बुडालेला रोज कुठल्याच बिलात दिसत नाही.

याचा अर्थ केमो देऊच नये, असा नाही. पहिल्या उपचारानंतर वर्ष-दीड वर्ष बरे गेले असेल, बाई हिंडती-फिरती असेल, तर प्रयत्न करण्यात वावगे काही नाही. आक्षेप आहे तो सवयीने लिहिल्या जाणाऱ्या केमोच्या पुढच्या सायकलवर. डॉक्टरला ‘आता थांबू’ म्हणण्यापेक्षा प्रिस्क्रिप्शन लिहिणे सोपे जाते, आणि नातेवाइकांनाही ते ऐकण्यापेक्षा पैशाची जुळवाजुळव करणे सोपे वाटते. बाईला कोणी विचारतच नाही. ‘तिला सांगू नका’ हे तिच्याच खाटेच्या पायथ्याशी, तिला ऐकू जाईल अशा आवाजात ठरते.

या काळात तिला सगळ्यात जास्त छळतात त्या वेदना, रक्तस्राव आणि अंगावरून जाणारा दुर्गंधीयुक्त स्राव. वासामुळे कित्येक जणी घरात वेगळ्या ताटावर, वेगळ्या कोपऱ्यात जातात. मेट्रोनिडॅझोलच्या साध्या, स्वस्त गोळीने हा वास बराच आटोक्यात येतो. ती बाई पुन्हा चारचौघांत बसू शकते, पण ही गोळी तिला कोणी सुचवलेलीच नसते. रक्तस्रावावर काही वेळा थोडकी लाईट पुन्हा देता येते. मॉर्फिनसाठी 2014 मध्ये कायदा सैल झाला, तरी तालुक्याच्या गावात ते मिळेलच याची खात्री नाही. वेदनाशमनाची ओपीडी केमोच्या ओपीडीशेजारी हवी, आणि पहिल्या दिवसापासून हवी. सगळे उपाय संपल्यावर चिठ्ठी देऊन पाठवायची ती जागा नव्हे.

दुसरी केमो सुरू करताना केसपेपरवर दोन ओळी जास्त लिहाव्यात: दोन-तीन सायकलनंतर तपासणी कोणत्या तारखेला, आणि आजार वाढलेला दिसला तर औषध बंद करायचे हे रुग्णाला सांगितले आहे की नाही. सही नातेवाइकाची नको, तिचीच घ्यावी. अंगठा असला तरी चालेल.