बाटलीआधी काटा

"शेळ्या वीस आहेत. करडं वाढत नाहीत. कोणतं टॉनिक देऊ?"

आठवड्यातून असा एक तरी फोन येतोच. मी उलट विचारतो, महिन्याला किती वाढतात? पलीकडे शांतता. मग उत्तर येतं, "दिसायलाच बारीक दिसतात." वजनकाटा? नाही. जंताचं औषध शेवटचं कधी पाजलं? आठवत नाही. टॉनिकच्या मात्र तीन बाटल्या संपलेल्या असतात आणि फोन चौथीचं नाव विचारायला केलेला असतो.

तालुक्याच्या गावी पशुऔषधांच्या दुकानात उभं राहिलं की लिव्हर टॉनिक, कॅल्शियम, प्रोबायोटिक आणि 'वजनवाढी'च्या डब्यांनी भरलेल्या फळ्या दिसतात. त्यातलं सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण पूरक म्हणजे कमी पडलेलं पुरं करणारं. काय कमी पडलंय हे ठाऊक नसताना पाजलेली बाटली नवसासारखी असते. फळली तर देव पावला, नाही फळली तर आपलं नशीब.

कोंबडीपासून सुरू करू, कारण तिच्याविषयी गैरसमज जास्त. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जातो तो इंजेक्शनमुळे, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. दहा हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये प्रत्येकाला टोचत कोण फिरणार, हा हिशेब कुणी करत नाही. खरं कारण कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वच्छ दिसतं. 1957 आणि 1978 सालचे जतन केलेले वाण आणि 2005 सालचा व्यापारी वाण, असे तीन त्यांनी शेजारी वाढवले. तिघांना खाद्य एकच. 56 व्या दिवशी सरासरी वजनं भरली 905 ग्रॅम, 1808 ग्रॅम आणि 4202 ग्रॅम. दाणा तोच असताना चौपटीहून जास्त फरक पडला तो निवड-पैदाशीमुळे.

म्हणून खाद्याला किंमत नाही असं कुणी समजू नये. पक्षी कुठवर वाढू शकतो हे वाण ठरवतो. तो तिथवर पोचेल की नाही, हे खाद्यावर ठरतं. ब्रॉयलरचं खाद्य मुख्यतः मका आणि सोयापेंडीचं. पहिल्या दिवसांत त्यात 22 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात, विक्रीच्या सुमारास 19-20 टक्के पुरतात. सोयापेंडीत प्रथिनं भरपूर, पण मेथिओनीन हा घटक पक्ष्याच्या गरजेपेक्षा कमी पडतो. तो टनाला दोन-तीन किलो मिसळला की बाकीची प्रथिनंही कारणी लागतात, नाहीतर ती नुसतीच विष्ठेवाटे बाहेर जातात. मका-सोयातला बराचसा फॉस्फरसही कोंबडीला पचत नाही अशा रूपात असतो. फायटेज नावाचं विकर घातलं की तो मोकळा होतो. मी पूरक म्हणतो ते याला. कमतरता माहीत, मात्रा माहीत, परिणाम वजनात मोजलेला.

करारावर ब्रॉयलर वाढवणाऱ्याला हे सगळं कंपनीच्या गोणीतून तयार मिळतं. त्याच्या हाती तूस, पाणी आणि हवा सांभाळणं उरतं. फसगत होते ती परसात गावरान किंवा सुधारित कोंबड्या पाळणाऱ्याची. मराठवाडा-विदर्भात घरचं सोयाबीन असतं. "पेंड विकत कशाला? आपलंच भरडून घालू," असा विचार होतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात. म्हणजे प्रथिनं पोटात जातात आणि पक्षी खुजाच राहतो. उष्णतेने हे घटक निकामी होतात. ऑस्बॉर्न आणि मेंडेल या अमेरिकी संशोधकांनी उंदरांना शिजवलेलं सोयाबीन खाऊ घालून ही गोष्ट 1917 सालीच दाखवून दिली होती. शंभर वर्षं उलटली तरी कच्चा भरडा खुराड्यात जातोच आहे. इथे बाटली काय करणार? सोयाबीन नीट भाजलं तर काम होतं.

दुसरी चूक म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य पिल्लांना घालणं. कवचासाठी लागणारं कॅल्शियम त्यात साडेतीन-चार टक्के असतं. वाढत्या पिल्लाचं मूत्रपिंड ते सोसत नाही. वर आणखी कॅल्शियमचं टॉनिक पाजणारेही आहेत!

वाढीचं सगळ्यांत गाजलेलं पूरक म्हणजे प्रतिजैविकं. त्यांची गोष्ट मुळात अपघाताची. 1940 च्या दशकाच्या अखेरीस लेडर्ले या अमेरिकी कंपनीत ज्यूक्स आणि स्टोकस्टॅड हे दोघे पिल्लांसाठी बी-12 जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक बनवून उरलेला चोथा त्यांनी खाद्यात मिसळला, तर पिल्लं बी-12 मुळे वाढावीत त्याहूनही जास्त वाढली. चोथ्यात राहिलेल्या प्रतिजैविकाचा तो परिणाम होता. त्यानंतर जगभर खाद्यात प्रतिजैविकं मिसळली जाऊ लागली. पण पुढे ध्यानात आलं की घाणेरड्या, जुन्या शेडमध्ये त्यांचा गुण जास्त दिसतो आणि स्वच्छ, नव्या शेडमध्ये फारसा दिसत नाही. म्हणजे झाडू, कोरडं तूस आणि स्वच्छ पाणी यांची उणीव ते औषध भरून काढत होतं. त्याची किंमत माणसाने मोजली, कारण औषधाला न जुमानणारे जंतू तयार झाले. स्वीडनने वाढीसाठीचा हा वापर 1986 मध्ये थांबवला, युरोपीय संघाने 2006 पासून. भारताने 2019 मध्ये कोलिस्टिन या औषधावर खाद्यप्राण्यांपुरती बंदी घातली. ते रुग्णालयातलं अखेरच्या फळीतलं औषध आहे. ते खुराड्यात वाया घालवायचं नाही, एवढं तरी आपण पाळायला हवं.

आता शेळी. कोंबडीचं शहाणपण इथे जसंच्या तसं चालत नाही. शेळीच्या कोठीपोटात कोट्यवधी सूक्ष्मजीव चारा आंबवतात. खाद्य आपण शेळीला घालतो, पण पहिल्यांदा जेवतात ते हे जीव. करडाला घाईने वाढवायचं म्हणून एकदम मका-गव्हाचा भरडा ओतला की कोठीपोटात आम्ल वाढतं, शेळी चारा सोडते, कधी दगावतेही. खुराक हळूहळू वाढवायचा आणि वैरण कधी तोडायची नाही.

बकरी ईदसाठी तयार होणाऱ्या बोकडांचं दुखणं निराळं. दाण्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. महिनोन्‌महिने भारी खुराक चालला की मूत्रमार्गात खडे होतात, लघवी तुंबते आणि विक्रीला आठवडा उरला असताना देखणा बोकड आडवा होतो. भरपूर पाणी, मीठ, चांगली वैरण आणि कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट राहील असा खुराक, हा त्यावरचा स्वस्त उपाय.

खड्ड्यातल्या पाण्यावर वाढवतात त्या अझोला या हिरव्या चाऱ्याचंही गणित एकदा मांडूच. वाळवलेल्या अझोलात 20 ते 25 टक्के प्रथिनं, हे खरं. पण ताज्या अझोलात 93-94 टक्के पाणीच असतं. किलोभर अझोला म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम सुकं वजन आणि त्यात प्रथिनं जेमतेम पंधरा ग्रॅम. तेवढी प्रथिनं मूठभर शेंगदाणा पेंडीत मिळतात. घरचा खड्डा असेल तर अझोला जरूर घाला, मात्र त्याच्या भरवशावर पेंड बंद करू नका. बांधावरची शेवरी, हादगा, सुबाभूळ जास्त कामाची. सुबाभळीत मिमोसीन हा विषारी घटक असतो, म्हणून एकूण चाऱ्यात ती तिसऱ्या हिश्श्यापुढे जाऊ द्यायची नाही.

मग फोनवाल्याच्या करडांचं काय? त्यांची वाढ बहुतेकदा खुराकाच्या आधीच अडलेली असते. जन्मल्यावर तासाभरात चीक मिळाला नाही, जुळ्यांतलं एक दुधाला मुकलं, पावसाळ्यात जंतांनी रक्त प्यायलं. जंतांनी पोखरलेल्या करडाला महागडं टॉनिक पाजणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणं. शेण तपासून जंतनाशक आणि रोज चिमूटभर खनिज मिश्रण, एवढ्यानेच पुष्कळ कळपांचं रूप पालटतं. मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवावी.

तरीही एखाद्या डब्यावर विश्वास बसतच असेल तर त्याची परीक्षा घ्या. एका वयाची दहा करडं निवडा. पाचांना पूरक द्या, पाचांना देऊ नका. बाकी चारा, पाणी, जागा सगळं सारखं ठेवा. दर पंधरा दिवसांनी सकाळी चाऱ्याआधी ताणकाट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. दोन महिन्यांनी जास्तीच्या किलोंची किंमत आणि डब्याची किंमत शेजारी मांडा. डबा जिंकला तर खुशाल घ्या, मीही घेईन.

एक ताणकाटा दोन-चार बाटल्यांच्या पैशांत येतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. पुढचा फोन करताना टॉनिकचं नाव विचारू नका, वजनांची वही समोर घेऊन बसा.