लटपट, थरथर आणि गुणगुण

गेल्या वर्षी या सदरात हिवाळी टायरांबद्दल लिहिलं, त्यानंतर सर्वांत जास्त विचारणा आली ती उंच केलेल्या जीपवजा गाड्यांबद्दल. आपल्या मंडळात अशा गाड्या आता चार-पाच तरी झाल्या आहेत. जर्मनीत मनाला येईल तिथे जंगलात गाडी घालता येत नाही. म्हणून ही मंडळी लांगेनआल्टहाइमच्या खाणीतल्या मैदानावर पैसे भरून चिखल खेळतात आणि फ्रोनलाइखनामच्या सुट्टीत बाड किसिंगनच्या ऑफरोड प्रदर्शनात जाऊन आणखी लांब स्प्रिंगा बघून येतात. हौसेला मोल नाही. तक्रार मात्र सगळ्यांची एकच: ‘गाडी व्हायब्रेट होते.’

या वाक्यावरून काहीही कळत नाही. पोट दुखतं म्हणून डॉक्टरकडे जावं आणि कुठे, कधी, कसं हे सांगूच नये, तसं ते आहे. खरं तर आपल्या भाषेत यासाठी चांगले वेगवेगळे शब्द आहेत. गाडी डोलते, लटपटते, थरथरते, गुणगुणते. यातला नेमका शब्द सापडला की अर्धं निदान झालं.

यंदाचंच उदाहरण घ्या. माझ्या एका मित्राने वापरलेली सुझुकी जिमनी घेतली. आधीच्या मालकाने ती ५० मिलिमीटर उंच केलेली, टायर २३५/७५ आर १५. मित्राची मुलगी नुकतीच अठरा पूर्ण झालेली. ऑक्टोबरपासून उल्मला शिकायला जाणार आणि गाडी तीच नेणार. म्हणजे आठ नंबरचा आउटोबान, आल्बचा चढ-उतार, शेजारून चाळीस टनांचे ट्रक. मित्राने तोवर दोनदा बॅलन्सिंग करून घेतलं होतं. एका वर्कशॉपने मूळ स्टिअरिंग डॅम्पर काढून त्या जागी मनगटाएवढा जाड डॅम्पर बसवून दिला होता. चारशेच्या वर युरो गेले आणि ‘व्हायब्रेशन’ तिथेच.

मी घरी गेलो तेव्हा मित्र मला बिलं दाखवत होता. वहिनी चहा ठेवत म्हणाल्या, “व्हायब्रेट-बिब्रेट काही नाही भाऊजी. पुलाच्या सांध्यावरून गेली की स्टिअरिंग लटपटायला लागतं. एकदा लागलं की वेग बराच खाली येईपर्यंत थांबत नाही. आणि शंभराला बुडाखाली भुंगा वाजतो, तो निराळाच.”

दोन वाक्यांत दोन आजार, लक्षणांसकट. वर्कशॉपमध्ये वहिनींनाच पाठवायला हवं होतं.

आता यामागचं गणित. ते चौथीतल्या भागाकाराचं आहे, घाबरू नका. या टायरचा एक फेरा म्हणजे साधारण सव्वादोन मीटर. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला सुमारे १२ फेरे घेतं. ८० वर सुमारे १०. एवढे हेलकावे हाताला एकेक जाणवतात, डोळ्यांना दिसतात. ही लटपट किंवा थरथर. प्रोपेलर शाफ्ट मात्र चाकाच्या साधारण ४.१ पट फिरतो, म्हणजे १०० वर सेकंदाला जवळपास ५० फेरे. त्याचा सांधा, ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक ‘क्रॉस’ म्हणतात, एका फेऱ्यात दोनदा ढकलतो, म्हणजे सेकंदाला १००. हे हाताला मोजता येत नाही, कानाला ऐकू येतं. हाच वहिनींचा भुंगा. इंजिनाचा संशय असेल तर तोच वेग ठेवून गियर बदला. इंजिनाचे फेरे बदलले आणि भुंगा तसाच राहिला, तर इंजिन निर्दोष.

हे आकडे मोजायला आज उपकरण विकत घ्यावं लागत नाही. आखनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रवाल्यांनी ‘फायफॉक्स’ नावाचं मोफत ॲप केलं आहे. फोनमधल्या सेन्सरवरून ते कंपनांचा वर्णपट काढून देतं. फोन डॅशबोर्डला घट्ट बांधायचा, ॲप शेजारच्याने चालवायचं. चालवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही, दंडही आहे आणि अक्कलही. एक मर्यादा लक्षात ठेवा: बरेच फोन हा सेन्सर सेकंदाला १०० वेळाच वाचतात, त्यामुळे ५० च्या वरचं त्यांना नीट दिसत नाही. लटपटीला फोन, भुंग्याला कान.

रविवारी सकाळी मोकळ्या, सरळ रस्त्यावर मी गाडी चालवली, मित्र शेजारी. एका खड्ड्यानंतर लटपट सुरू झाली. ८० वर ॲपने सेकंदाला साडेसात दाखवले. मी हळूहळू ६५ वर आलो, तरी साडेसातच. इथेच उत्तर होतं. दोष चाकाच्या बॅलन्सिंगचा असता तर आकडा चाकाबरोबर १० वरून ८ वर उतरला असता. हा ढिम्म हलला नाही. म्हणजे चाक ढकलत नव्हतं. अख्खा पुढचा ॲक्सल स्वतःच्याच लयीत झुलत होता आणि गाडीच्या वेगातून त्याला खाद्य मिळत होतं. याला इथे शिमी म्हणतात. सुपरमार्केटमधल्या ट्रॉलीचं पुढचं एक चाक जोरात ढकलल्यावर फडफडतं ना, तेच हे, फक्त दीड मीटर रुंद आणि माणसं आत बसलेली. बॅलन्सिंगचा दोष ठरावीक वेगाला हलकेच येतो आणि पुढे ओसरतो. शिमी धक्क्याने अचानक येते आणि आल्यावर जात नाही. ती आली तर करकचून ब्रेक मारू नका. स्टिअरिंग घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, वेग उतरू द्या. आणि मुद्दाम ती आणून बघायच्या फंदात तर पडूच नका.

उंची वाढवल्याने हे का होतं? जिमनीचा पुढचा ॲक्सल अखंड आहे आणि तो मागे चासीला जाणाऱ्या दोन दांड्यांवर टेकलेला आहे. चासी वर गेली की दांड्या तिरक्या होतात आणि ॲक्सल स्वतःभोवती थोडा वळतो. किंगपिनचा मागे झुकलेला कोन, म्हणजे कास्टर, कमी होतो. हाच कोन चाकाला सरळ राहायला लावतो. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, त्याच्यासारखाच. शिवाय ॲक्सलला आडवा धरणारा पॅनहार्ड रॉड जास्त तिरका झाल्याने ॲक्सल एका बाजूला सरकतो. त्यावर जड टायर. नव्या कोऱ्या सांध्यांवर एवढं खपूनही जातं. जुन्या सांध्यांवर नाही.

म्हणून पुढचं काम पाना हातात घेण्याचं नाही, बघण्याचं. चाकं जमिनीवर असताना एकाने इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने पॅनहार्ड रॉडच्या व टाय रॉडच्या टोकांकडे बघायचं. बोल्ट भोकात हलताना चक्क दिसतो. मग ॲक्सल जॅकवर आणि स्टँडवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवायचं. ढिलेपणा जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर चाकाचं बेअरिंग. राहिला तर किंगपिन बेअरिंग. आमच्या जिमनीत दोन्ही बाजूंना राहिला.

त्या जाड डॅम्परबद्दल माझं मत स्पष्ट आहे. डॅम्पर वाईट नाही, पण त्याने लटपट बरी होत नाही, दबते. तापावर पॅरासिटामॉल देऊन मुलाला शाळेत पाठवण्यासारखं ते आहे. सांधे झिजतच राहतात आणि एके दिवशी डॅम्परलाही आवरत नाही. त्या दिवशी ती मुलगी एकटी उल्मच्या वाटेवर असती.

दुसऱ्या एका छोट्या, म्हाताऱ्या मालकाच्या गॅरेजात किंगपिन बेअरिंगं बदलली. त्यांनी ताणकाट्याने ओढून बेअरिंगांचा ताण मोजला, तेव्हाच मला माणूस पटला. दांड्यांचे बुश कास्टर परत आणणारे घातले, डॅम्पर मूळ मापाचा, मग अलाइनमेंट. लटपट गेली.

भुंग्याची गोष्ट जास्त गमतीची आहे. क्रॉस असलेला सांधा कोनात फिरला की पुढचा भाग एकसारखा फिरत नाही. दर फेऱ्याला दोनदा पुढे-मागे होतो. १० अंशांच्या कोनात हा चढउतार दीड टक्का असतो, २० अंशांत सहा. कोन दुप्पट, त्रास चौपट. शाफ्टच्या दोन टोकांचे कोन सारखे असले तर एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारात मिटतो. उंची वाढवल्यावर मागचा ॲक्सलही वळतो, त्याचं नाक वर येतं, आणि दोन्ही कोन सारखे राहत नाहीत. इथे मोबाइलचं पाणसळीचं ॲप शाफ्टवर आणि फ्लँजवर ठेवून कोन मोजता येतात. आम्ही मोजले, फरक होता. पण आधी शाफ्ट उतरवून क्रॉस हाताने फिरवला, तर एका दिशेला तो गंजून अडकत होता. क्रॉस बदलल्यावर भुंगा बराच बसला.

पुढच्या शाफ्टचा प्रश्न जिमनीत सौम्य आहे, कारण दोन चाकांवर चालताना तो सहसा फिरत नाही. ज्या गाड्यांत तो कायम फिरतो तिथे एक पेच आहे: कास्टर सुधारायला ॲक्सल मागे वळवला की त्याचं नाक खाली जातं आणि शाफ्टचा कोन बिघडतो. स्टिअरिंग सुधारलं आणि गुणगुण आली, असं सांगणारे भेटतात ते यामुळेच. खूप उंची हवी असेल तर हा हिशेब आधी करा.

कागदांचंही सांगायला हवं. स्प्रिंगा आणि टायर तपासनिसाकडून गाडीच्या कागदांत नोंदवून घेतलेले नसतील तर रस्त्यावर चालण्याची परवानगी जाऊ शकते आणि अपघातानंतर विमा कंपनी तेच उकरते. वापरलेली गाडी घेताना आइनत्रागुंग आधी मागा. आमच्या मित्राकडे स्प्रिंगांची नोंद होती, टायरची नव्हती. ती करून घेतली.

अंक पुण्या-नाशकात वाचणाऱ्या भाचे मंडळींसाठी: तुमच्याकडची पाच दारांची जिमनी याच जातीची, पुढे-मागे अखंड ॲक्सल, त्यामुळे वरचं सगळं लागू. नव्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. लटपटीचा भाग सोडा, मागच्या शाफ्टचा वाचा. आणि तिकडे असे बदल करण्याआधी आरटीओचे नियम बघा, मामाचं नाव सांगू नका.

वर्कशॉपमध्ये जर्मनमध्ये काय सांगायचं, हेही विचारलं जातं. लटपटीला ‘फ्लाटर्न’, भुंग्याला ‘ब्रुमन’. त्यापुढे कोणत्या वेगाला, धक्क्यानंतर की आपोआप, ॲक्सिलरेटर दाबल्यावर की सोडल्यावर, हाताला की बुडाला, एवढं कागदावर लिहून न्या. मुलगी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गाडी घेऊन गेली. पंचाण्णवच्या पुढे मागून थोडी गुणगुण अजून आहे. कोनांचं काम वसंतात करायचं ठरलं आहे, तोवर ती उजव्या लेनमधून नव्वदने जाते.