पट्टा लावला, पण तो जातो कुठून?

पावसाळ्यात गोसीखुर्दच्या धरणाचे ३३ दरवाजे उघडले की रविवारी इथं गाड्यांची रांग लागते. पवनी, भंडारा, उमरेड, नागपूर, कुठून कुठून लोक येतात. मी मास्तर माणूस, पाण्याआधी माझं लक्ष जातं गाड्यांतून उतरणाऱ्या पोरांकडे. कोणी पुढच्या सीटवर आईच्या मांडीत, कोणी मागं दोन सीटांच्या फटीत उभं. एखाद्याच गाडीत मुलाला सीट बेल्ट लावलेला दिसतो, आणि तोही बरेचदा काखेखालून घेतलेला.

पालकहो, आज मला या काळजी घेणाऱ्या पालकांबद्दलच लिहायचं आहे.

एका वडिलांना विचारलं. म्हणाले, "गुरुजी, पोराच्या गळ्याले कापते ना तो पट्टा! म्हणून खालून घेतला." त्यांचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर, उपाय मात्र चुकला. गाडीतला पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. साधारण १४५ ते १५० सेंटीमीटर उंची झाल्यावरच तो अंगावर नीट बसतो. वरचा पट्टा खांद्याच्या मधून छातीवर यायला हवा आणि खालचा मांड्यांच्या मुळाशी, कमरेच्या हाडावर. कारण धक्का हाडं सोसतात, पोट सोसत नाही. काखेखालून घेतला की वरचं अंग मोकळं राहतं आणि सगळा जोर बरगड्यांवर नि पोटावर येतो.

लहान मुलाचे गुडघे सीटच्या कडेला वाकत नाहीत. मग ते पुढं घसरून बसतं आणि खालचा पट्टा आपोआप पोटावर चढतो. बूस्टर सीट एवढंच करते, की मुलाला थोडं वर उचलते आणि पट्टा योग्य हाडांवरून नेते. मुलाला धरून ठेवण्याचं काम पट्ट्याचंच. "मग उशी ठेवली तर?" हा प्रश्न हमखास येतो. नको. जोरात ब्रेक लागला की उशी दबते, सरकते आणि मूल पट्ट्याखालून निसटतं. मधल्या सीटला फक्त कमरेचा पट्टा असेल, तर तिथं बूस्टरही ठेवू नये. आणि अगदी लहानग्यांना बूस्टर नाही, स्वतःचे पट्टे असलेली वेगळी सीट लागते.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. तेव्हापासून मागच्या पट्ट्याची चर्चा झाली, पण त्याच सीटवर बसणाऱ्या पोरांच्या मापाची कुठं झाली? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९४ ब आलं. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीची सुरक्षा व्यवस्था नसेल तर १००० रुपये दंड. कायदा वय विचारतो, पट्ट्याला मात्र उंचीच कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दहा वर्षांच्या मुलाची मध्यम उंची १३८ सेंटीमीटरच्या आसपास आहे. म्हणजे पाचवीतल्या बहुतेक पोरांना अजून बूस्टर लागतं, आणि आपण पहिलीतच "आता मोठा झाला" म्हणून मोकळे होतो.

काही शिक्षक मित्र हसतील. आपल्या गावात पोरं मोटरसायकलवर तिघं-चौघं, लग्नात एका जीपमध्ये पंधरा जण, तिथं बूस्टरच्या गोष्टी कुठं करता? खरं आहे. त्या जीपवर माझ्याकडे उत्तर नाही. पण हप्त्यावर कार घेतलेले आपण शिक्षक किती आहोत, मोजा. सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीमला आपण पैसे देतोच ना? सुरुवात आपल्या गाडीपासून का नको?

शाळेला यात एक पैसाही खर्च नाही. आरोग्य तपासणीला आपण उंची मोजतो, रजिस्टरात लिहितो आणि रजिस्टर कपाटात जातं. मी यंदा वर्गाच्या भिंतीवर १४५ वर एक लाल रेघ मारली आणि पोरांना सांगितलं, डोकं या रेघेला लागेपर्यंत गाडीतला नुसता पट्टा तुमच्या मापाचा नाही. मग गाडीत बसल्यावर काय बघायचं तेही शिकवलं: पाठ सीटला टेकलेली, गुडघे कडेवर वाकलेले, पट्टा गळ्यापासून दूर, आणि गाडी थांबेपर्यंत तसंच बसणं. पवनीहून भिवापूर, उमरेड करत नागपूरला जायचं म्हटलं तरी दोन तास लागतात. एवढा वेळ तसं बसवत नसेल, तर बूस्टर हवंच.

मधल्या सुट्टीत आता रेघेपाशी गर्दी असते. टाचा उचलून उभं राहणाऱ्यांना बाकीची पोरं लगेच खाली बसवतात.