अंगण आमचं, गाडी त्यांची, मग भुर्दंड कुणाचा?

गुरुवारी आमच्या वळसंगवरून अक्कलकोटला जाणाऱ्या गाड्यांची नुसती रीघ असते. स्वामींच्या दर्शनाला निघालेली माणसं, त्यांना कोण काय बोलणार? कुणी पाणी मागतं, कुणी मुलाला बाथरूमला न्यायचंय म्हणतं, आपणही नाही म्हणत नाही. पण रस्ता चुकला की हेच लोक गाडी गल्लीत घालतात आणि वळवायला जागा दिसेल त्या अंगणात शिरतात.

मागच्या महिन्यात अशीच एक मोठी गाडी शेजारच्या आक्कांच्या अंगणात शिरली. विचारणं नाही, हॉर्न नाही. भिंतीच्या कोपऱ्याला एक काळा दगड पुरलेला आहे. बैलगाडीचं चाक भिंतीला घासू नये म्हणून आक्कांच्या सासऱ्यांनी तो पुरला होता. गाडी त्याच्यावर चढली, खालचं ऑइल चेंबर फुटलं आणि सगळ्या शेणानं सारवलेल्या अंगणात काळं तेल. आता तुम्हाला वाटेल, ड्रायव्हरनं माफी मागितली असेल. छे! गाडीतले साहेब खाली उतरले आणि पहिला प्रश्न काय, तर "घरात कुणी पुरुष माणूस आहे का?" मुलगा पुण्याला कंपनीत, मालक जाऊन सहा वर्षं झाली. नाही म्हटल्यावर साहेबांचा आवाज चढला. "दगड इथं कशाला ठेवला? पंधरा हजार खर्च आहे, भरून द्या, नाहीतर पोलिसात चला."

पोलिसाचं नाव काढलं की आपल्या बायकांच्या पोटात गोळा येतो. आक्कांनी डब्यातले तीन हजार काढून दिले. बचत गटाचा हप्ता होता तो.

मी त्या दिवशी सोलापूरला गेले होते. संध्याकाळी आल्यावर कळलं आणि आधी आक्कांवरच ओरडले, मग माझी मलाच लाज वाटली. कारण त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मला तरी कुठं ठाऊक होतं? म्हणून ओळखीच्या वकीलबाईंकडे जाऊन बसले आणि सगळं विचारून घेतलं.

वकीलबाईंचं पहिलंच वाक्य असं, "दगड आक्कांच्या हद्दीत होता ना? दिसत होता ना? मग आक्का एक रुपया लागत नाहीत." गाडी चालवणाऱ्यानं समोर, मागे बघून चालवायची असते. परक्याच्या जागेत न विचारता घातली तर जास्तच बघायची असते. स्वतःच्या चुकीनं स्वतःच्या गाडीचं नुकसान झालं तर ते ज्याचं त्यानं सोसायचं. राहिली पोलिसांची भीती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यातही दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान हा गुन्हा व्हायला तसा हेतू किंवा नुकसान होणार याची जाणीव लागते. चाळीस वर्षांपूर्वी पुरलेल्या दगडाला कसला हेतू? आणि नुकसानीचे पैसे वसूल करून देणं हे पोलिसांचं कामच नाही, ते दिवाणी कोर्टाचं.

मग साहेब एवढे तावातावानं का भांडत होते? त्याचंही कारण आहे. प्रत्येक गाडीला सक्तीचा असतो तो विमा दुसऱ्याचं नुकसान भरून देण्यासाठी. स्वतःच्या गाडीचा खर्च हवा तर वेगळे पैसे भरून पूर्ण विमा घ्यावा लागतो. तो असला तरी सुरुवातीची काही रक्कम खिशातून जाते आणि क्लेम केला की पुढच्या वर्षीच्या हप्त्यातली सूटही जाते. त्यापेक्षा समोरच्या एकट्या बाईला दटावलं की काम स्वस्तात होतं!

आता गंमत ऐका. त्या धक्क्यानं आक्कांचा तुळशीकट्टा तडकला होता. त्याचं दिवसभर कुणी नावसुद्धा काढलं नाही, आक्कांनीही नाही. वकीलबाई म्हणाल्या, उलट त्या गाडीवाल्यानंच कट्ट्याचे पैसे द्यायला हवे होते, कारण सक्तीचा विमा असतो तो याच्याचसाठी. अंगण खासगी आहे, रस्ता नाही, असं म्हणून विमा कंपनी सहजासहजी हात झटकू शकत नाही. मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठानं १९८८ साली छापून आलेल्या पांडुरंग चिमाजी आगळे खटल्यात सांगून ठेवलंय, की लोकांचं जिथं येणं-जाणं आहे अशी खासगी जागासुद्धा मोटार कायद्यापुरती सार्वजनिक धरायची. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

पण मैत्रिणींनो, हे वाचून लगेच कमरेला पदर खोचून भांडायला निघू नका. आपलीही बाजू नेहमी स्वच्छ असते असं नाही. तीन वर्षांपूर्वी मीच घराच्या बांधकामासाठी विटांचा टेम्पो बोलावला होता. शोषखड्ड्यावरची फरशी जुनी झालेली, मला माहीत होतं, मी सांगायचं विसरले. टेम्पोचं चाक आत गेलं, पाटा मोडला. तो पोरगा बिचारा रडवेला झाला होता, कारण मालक त्याच्या पगारातून कापणार. तो खर्च मी दिला आणि द्यायलाच हवा होता. आपण बोलावलेला माणूस, आपल्याला माहीत असलेला धोका, झाकलेला, त्याला न दिसणारा. इथं "तू का नाही बघितलंस?" म्हणता येत नाही. दोघांचीही थोडी थोडी चूक असेल तर कोर्ट भरपाईही त्या प्रमाणात वाटून देतं.

दगड, पायरी, ओटा आपल्या हद्दीच्या बाहेर गल्लीत सरकलेला असेल तरीही आपलं म्हणणं लंगडं पडतं. आमच्या गल्लीत निम्म्या पायऱ्या रस्त्यावर आल्यात, माझ्या माहेरचीसुद्धा! आणि गाड्या येऊ नयेत म्हणून मातीत टोकदार गज पुरणारे काही महाभाग आहेत. तो तर सापळाच झाला. उद्या एखादं पोर त्याच्यावर पडलं म्हणजे?

पैसे घेऊन गाड्या लावून घेणाऱ्यांचं गणित आणखी वेगळं. मंगल कार्यालयाच्या फाटकावर "वाहने मालकांच्या जबाबदारीवर" अशी पाटी असते आणि ती वाचून आपण गप्प बसतो. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात गाडीची किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली होती आणि गाडी चोरीला गेली. त्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं २०१९ साली स्पष्ट केलं, की हॉटेलचा निष्काळजीपणा असेल तर अशा छापील अटीमागे लपता येणार नाही. तसाच विचार करून मला वाटतं, कार्यालयाच्या वाहनतळात उघडा खड्डा ठेवून पाटीकडे बोट दाखवणं चालू नये. गाडी मागं घेताना आपणच खांबाला ठोकली तर मात्र पाटी असो-नसो, ती आपली चूक.

आक्कांच्या तीन हजारांचं काय? गाडीचा नंबर कुणी लिहून घेतला नव्हता, फोटो काढला नव्हता, पावती तर नाहीच. पैसे गेले. नंबर असता तर पुढं काही करता आलं असतं, कारण विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यानुसार बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. आमच्या गटातल्या बावीस जणींपैकी एकीलाही हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. १५१०० हा त्यांचा फोन नंबर, मी तो आता गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

गटात एक ठरलं. असं काही झालं तर आधी मोबाईलवर गाडीचा, नंबरचा आणि जागेचा फोटो काढायचा, शेजारणीला हाक मारायची आणि पैशाचं उद्या बोलू म्हणायचं. समोरचा पोलिसात चला म्हणाला तर "चला की" म्हणायचं, वळसंगचं ठाणं काही लांब नाही.

आक्कांचा तो महिन्याचा हप्ता आम्ही सगळ्यांनी मिळून भरला. मुलगा म्हणाला, दगड काढून टाकू या. आक्कांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दगडाला चुना फासत बसल्या होत्या.